टच लिस्टमधलं सिलेक्शन रिसेट कसं करायचं, अगदी सुरुवातीपासून

लिस्ट बनवली, रोवर (लिस्टमधल्या एका ओळीवर) टॅप केलं की रो निळी होते, पुढची स्क्रीन उघडते, सगळं मस्त चाललंय असं वाटतं. मग बॅक करून लिस्टवर येता आणि बघता तर ती रो अजून निळीच. किंवा चार मेसेज सिलेक्ट करून डिलीट केले, मेसेज गेले, पण वर "४ निवडले" तसंच राहिलं आणि खालचे भलतेच चार मेसेज निळे दिसतायत. पहिल्यांदा ॲप बनवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हे होतं, मलाही झालं, आणि तेव्हा मी जे केलं तेच बरेच जण करतात, रोचा बॅकग्राउंड परत पांढरा करायचा आणि पुढे जायचं. तसं करू नका. रंग पुसला म्हणजे निवड पुसली असं होत नाही. हा फरक एकदा डोक्यात बसला की बाकीचं खरंच सोपं आहे, म्हणून लेख थोडा लांबला तरी पायरीपायरीने सांगतो.

फंक्शनची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, कोडमध्ये ती सलग लिहायची, पहिली चार-पाच अक्षरं टाईप केलीत की एडिटर बाकीचं स्वतःच सुचवेल.

पायरी १: दाबलेली रो वेगळी, निवडलेली रो वेगळी

बोट रोवर टेकलं की ती जराशी गडद होते, ती झाली प्रेस्ड अवस्था. बोट उचललं की ती आपोआप जाते, ते काम सिस्टीमचं, तिथे तुम्ही काही करायचं नाही. निवडलेली अवस्था मात्र बोट उचलल्यावरही राहते, कोणीतरी काढेपर्यंत राहते, आणि ते काढणारे म्हणजे तुम्ही.

अँड्रॉइडमध्ये तर प्रेस्ड, फोकस्ड, सिलेक्टेड, ॲक्टिव्हेटेड, चेक्ड अशा एकेक वेगळ्या अवस्था आहेत. नाव बघून सगळे "सिलेक्टेड" उचलतात, पण तिथे सिलेक्टेड म्हणजे युजर आत्ता या घडीला ज्या व्ह्यूवर (स्क्रीनवरच्या घटकावर) आहे तो, तात्पुरती गोष्ट, आणि लिस्टमध्ये टिकून राहणाऱ्या निवडीसाठी "ॲक्टिव्हेटेड" आहे. रंगांची सिलेक्टर फाइल लिहिताना अजून एक बघा, वरून खाली जी पहिली ओळ जुळते तीच लागू होते, त्यामुळे कुठलीच अट नसलेला साधा रंग सगळ्यात शेवटी ठेवायचा. तो वर गेला तर निवडलेला रंग कधी दिसणारच नाही आणि तुम्ही रिसेटच्या कोडमध्ये तासभर चूक शोधत बसाल जी तिथे नाहीच.

वेब टेक्नॉलॉजीवर ॲप असेल तर अजून एक फसवी गोष्ट असते, हॉवर, म्हणजे माऊस वर नेला की बदलणारा रंग. टच स्क्रीनवर माऊस नसतो, मग टॅप केल्यावर बरेच ब्राउझर हॉवरचा रंग त्या रोवर तसाच ठेवतात, दुसरीकडे कुठे टॅप करेपर्यंत. माणसाला वाटतं सिलेक्शन अडकलं, पण ते सिलेक्शनच नसतं. हॉवरचे सगळे रंग मीडिया क्वेरीमध्ये, जिथे खरंच हॉवर करता येतं अशाच डिव्हाइससाठी टाका, प्रश्न मिटतो.

पायरी २: सिलेक्शन हवंच आहे का, ते आधी ठरवा

लिस्ट दोन प्रकारची असते. एक, टॅप केलं की काहीतरी उघडतं, जसं सेटिंग्जची लिस्ट. दुसरी, टॅप करून गोष्टी निवडायच्या आणि मग त्या निवडलेल्या गोष्टींवर काहीतरी करायचं, डिलीट, शेअर, हलवणं वगैरे. पहिल्या प्रकारात सिलेक्शन ठेवायची गरजच नसते, दाबल्याचा रंग दिसला तेवढं पुरे. जे ठेवलंच नाही ते रिसेट करावं लागत नाही, त्यामुळे माझा सल्ला असा की हा प्रश्न इथेच सुटत असेल तर इथेच सोडवा.

सेंचा टच या वेब टेक्नॉलॉजीवर मोबाइल ॲप बनवायच्या जुन्या लायब्ररीच्या लिस्टमध्ये डिसेबल सिलेक्शन नावाची सेटिंग होती ती ट्रू केली की काम झालं, आणि निवड ठेवायचीच असेल तर नंतर डीसिलेक्ट ऑल कॉल करायचं. अजूनही त्यावर चालणारी ॲप्स सांभाळणारे लोक आहेत म्हणून सांगितलं. अँड्रॉइडच्या रीसायकलरव्ह्यूमध्ये (लिस्ट दाखवणाऱ्या घटकात) सिलेक्शन मुळात दिलेलंच नाही, क्लिक लिसनर (टॅप झालं की चालणारा कोड) लावा, रोला सिलेक्टेबल आयटम बॅकग्राउंड द्या म्हणजे रिपल इफेक्ट (टॅपच्या जागी पसरणारी लहर) दिसतो, बस. आयफोनच्या टेबलव्ह्यूमध्ये (तिथला लिस्टचा घटक) मात्र उलटं आहे, टॅप केलं की रो सिलेक्ट होते आणि तुम्ही काढेपर्यंत तशीच राहते, म्हणून तिथे रिसेट प्रत्येकाला शिकावंच लागतं. त्याकडे पुढे येतो.

पायरी ३: निवड रोमध्ये ठेवू नका, डेटामध्ये ठेवा

हीच या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी.

समजा लिस्टमध्ये २०० कामं आहेत आणि स्क्रीनवर एका वेळी ८ रो मावतात. सिस्टीम २०० रो बनवत नाही, दहा-बारा बनवते, आणि तुम्ही खाली स्क्रोल केलं की वरून बाहेर गेलेली रो उचलून खाली परत वापरते, फक्त आतला मजकूर बदलून. आता तुम्ही दुसऱ्या कामावर टॅप केलं आणि कोडमध्ये लिहिलं की "या रोचा रंग निळा कर". खाली स्क्रोल करा. तीच रो आता चौदाव्या कामासाठी वापरली गेली, मजकूर चौदाव्याचा आला पण रंग दुसऱ्याचाच राहिला. चौदावं काम कोणी निवडलंच नव्हतं. परत वर या, दुसऱ्या कामाला दुसरीच कुठली तरी रो मिळालीय, ती पांढरी. हे स्वतः एकदा करून बघा, मुद्दाम चुकीचा कोड लिहून, आणि हळूहळू वरखाली स्क्रोल करत बघा, निळा रंग कसा भलत्याच ठिकाणी उगवतो ते. दहा वेळा वाचण्यापेक्षा ते एकदा बघितलेलं जास्त कामाला येतं.

म्हणून रो ही फक्त आरसा आहे असं समजा. खरी निवड बाहेर एका सेटमध्ये, म्हणजे निवडलेल्या गोष्टींच्या एका संग्रहात ठेवायची, आणि रो दाखवायची वेळ आली की दर वेळी त्या सेटला विचारायचं, हे काम आहे का तुझ्यात? असेल तर निळा, नसेल तर पांढरा. तो "नसेल तर" लिहायला लोक विसरतात. फक्त "असेल तर निळा" एवढंच लिहिलं की जुन्या रोचा जुना निळा तसाच राहतो. अँड्रॉइडमध्ये ऑन बाइंड व्ह्यू होल्डरमध्ये दोन्ही बाजू लिहायच्या, आयफोनवर रो परत वापरायला देण्याआधी प्रिपेअर फॉर रियूज नावाचं फंक्शन कॉल होतं त्यात तुम्ही लावलेला रंग-चिन्ह साफ करायचं, आणि रो भरतानाही दोन्ही बाजू लिहायच्याच.

चेकबॉक्स असेल तर इथे अजून एक खड्डा आहे. रो परत वापरताना तुम्ही कोडमधून चेकबॉक्स अनचेक करता, त्यावर आधीच्या कामाचा लिसनर अजून लावलेला असतो, त्याला वाटतं युजरनेच टिक काढली, आणि तो सेटमधून आधीच्या कामाचा आयडी काढून टाकतो. युजर नुसता स्क्रोल करतोय आणि त्याने निवडलेल्या गोष्टी एकेक करून गळतायत! यावर उपाय म्हणजे क्रम. आधी लिसनर काढा, मग टिकची किंमत लावा, मग नवीन लिसनर लावा. या तीन ओळींचा क्रम कधीच बदलायचा नाही.

पायरी ४: सेटमध्ये पोझिशन नको, आयडी

"तिसरी आणि पाचवी रो निवडली" असं साठवायचा मोह होतो कारण पोझिशन हाताशी असते. पण लिस्ट हलते. मी बनवलेल्या एका नोट्सच्या ॲपमध्ये नवीन नोट सगळ्यात वर यायची आणि निवड मी पोझिशनने ठेवली होती. टेस्ट करणाऱ्याने दोन नोट्स निवडल्या, तेवढ्यात दुसऱ्या डिव्हाइसवरून सिंक होऊन एक नवीन नोट वर आली, सगळ्या नोट्स एकेक घर खाली सरकल्या, आणि त्याने डिलीट दाबलं. गेल्या त्या दुसऱ्याच दोन नोट्स. नशीब टेस्टचा डेटा होता. त्या दिवसापासून मी पोझिशन कधी साठवली नाही.

प्रत्येक गोष्टीला डेटाबेसमधून किंवा सर्व्हरवरून आलेला एक आयडी असतो, तोच सेटमध्ये टाका. सर्च केलं, सॉर्ट बदलला, वरून काही आलं, खालून काही गेलं, तरी आयडी त्याच गोष्टीला चिकटलेला राहतो. सेट का आणि ॲरे का नाही, तर सेटमध्ये एकच आयडी दोनदा येत नाही आणि "हा आहे का" हे पटकन कळतं, ते तर प्रत्येक रो दाखवताना विचारायचं आहे.

पायरी ५: रिसेटचं एकच फंक्शन लिहा

पूर्ण ॲपमध्ये त्या लिस्टची निवड साफ करणारी जागा एकच असावी. बॅक दाबलं, डिलीट झालं, क्रॉसवर टॅप केलं, सगळीकडून तेच फंक्शन कॉल करा. आत काय लिहायचं ते साध्या भाषेत असं:

निवड साफ कर:
जुने = निवडलेल्या आयडींची कॉपी
निवडलेले = नवीन रिकामा सेट
निवड मोड = बंद
वरचं टायटल आणि बटणं पहिल्यासारखी कर
जुने मधल्या प्रत्येक आयडीची रो परत रंगव

पहिल्या ओळीतली कॉपी कशाला, तर सेट रिकामा केल्यावर कुठल्या रो परत रंगवायच्या ते तुम्हाला कळणार नाही. कॉपीचं अजून एक कारण आहे आणि ते जास्त गंभीर आहे. समजा डिलीटचं काम बॅकग्राउंडमध्ये चालतं. तुम्ही त्या कामाला निवडीचा सेट दिला आणि लगेच पुढच्या ओळीत तोच सेट रिकामा केला. बॅकग्राउंडचं काम सुरू होईपर्यंत त्याच्या हातातला सेट रिकामा झालेला असतो, कारण सेट एकच होता, त्याला तुम्ही दोन नावांनी हाक मारत होतात. स्क्रीनवर निळा रंग गेला, "डिलीट झालं" असा मेसेज आला, आणि प्रत्यक्षात एकही गोष्ट डिलीट झाली नाही. एररही येत नाही. म्हणून कामाला नेहमी कॉपी द्या, मग मूळ सेट साफ झाला तरी बिघडत नाही (तो नेमका कधी साफ करायचा ते पायरी ७ मध्ये). तसंच सेटवर लूप चालू असताना त्यातूनच आयडी काढू नका, जावा-कॉटलिनमध्ये कॉन्करंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन येऊन ॲप क्रॅश होऊ शकतं.

निवड मोडबद्दल थोडं. मोड म्हणजे लाँग प्रेस केल्यावर वरची पट्टी बदलते, डिलीट-शेअर दिसायला लागतं, आणि आता साध्या टॅपने उघडायच्या ऐवजी निवड होते, ती स्थिती. तुमच्या ॲपमध्ये मोड फक्त लाँग प्रेसनेच सुरू होत असेल तर त्यासाठी वेगळा व्हेरिएबल ठेवूच नका, सेट रिकामा नाही म्हणजे मोड चालू, रिकामा झाला की बंद. दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्या की एक दिवस त्यांचं पटत नाही, सेट रिकामा आणि वर "० निवडले" लिहिलेली पट्टी लटकलेली. पण वर "निवडा" असं बटण असेल, जे दाबल्यावर शून्य गोष्टी निवडलेल्या असतानाही मोड सुरू होतो, तर मात्र वेगळा व्हेरिएबल लागतोच.

पायरी ६: लिस्टला कळवा

सेट रिकामा केला, पण स्क्रीनवर अजून निळंच दिसतंय, कारण लिस्टला कोणी सांगितलंच नाही. इथे प्रत्येक प्लॅटफॉर्मची पद्धत वेगळी, तुमचा जो असेल तेवढाच भाग वाचला तरी चालेल.

अँड्रॉइड, रीसायकलरव्ह्यू. जुन्या प्रत्येक आयडीची आत्ताची पोझिशन शोधा आणि नोटिफाय आयटम चेंज्ड कॉल करा. सगळीकडे नोटिफाय डेटा सेट चेंज्ड मारला तरी चालतं, पण पूर्ण लिस्ट परत रंगते. एकेक रो बदलताना रो क्षणभर लुकलुकते, ती डिफॉल्ट ॲनिमेशनची करामत असते, नोटिफाय करताना सोबत पेलोड (काय बदललं ते सांगणारी छोटी माहिती) दिला आणि बाइंड करताना त्या पेलोडवर फक्त रंग बदलला तर लुकलुक थांबते.

लिस्ट ॲडाप्टर आणि सबमिट लिस्ट वापरत असाल तर दोन गोष्टी सांभाळा. तोच लिस्ट ऑब्जेक्ट परत सबमिट केला तर ॲडाप्टर काहीच करत नाही, त्याच्या मते ही तीच लिस्ट. आणि आयटमच्या आतलं "निवडलेला" हे फील्ड जागेवरच बदललं असेल तर नवीन लिस्ट देऊनही फरक सापडत नाही, कारण जुन्या लिस्टमध्येही तोच ऑब्जेक्ट बसलाय आणि तोही बदललाय. आयटमची कॉपी बनवा, त्यात फील्ड बदला, नवीन लिस्ट सबमिट करा.

हे सगळं हाताने नको असेल तर अँड्रॉइडएक्समध्ये रीसायकलरव्ह्यू सिलेक्शन नावाची लायब्ररी आहे, त्यातल्या सिलेक्शन ट्रॅकरवर क्लिअर सिलेक्शन कॉल केलं की सेटही साफ आणि रोही. ट्रॅकर मात्र ॲडाप्टर लावून झाल्यावर बनवायचा, आधी बनवला तर तिथेच एरर. अगदी जुन्या लिस्टव्ह्यूवर काम करत असाल तर क्लिअर चॉइसेस आहे, पण त्यातली गंमत म्हणजे ते फक्त आतली नोंद पुसतं, रो परत रंगवत नाही, पाठोपाठ रिक्वेस्ट लेआउट करावं लागतं. तिथे मी खूप वेळ घालवलाय, म्हणून ठळकपणे सांगतोय.

जेटपॅक कंपोझ. निवड व्ह्यूमॉडेलमध्ये (स्क्रीनचा डेटा स्क्रीनच्या बाहेर सांभाळणारा क्लास) ठेवा. रोच्या आत रिमेंबर वापरून ठेवली तर रो स्क्रीनबाहेर गेली की ती निवड विसरते, आणि रिसेट करायला बाहेरून तिच्यापर्यंत पोचताही येत नाही. साधा म्युटेबल सेट जागेवर रिकामा केला तर कंपोझला कळत नाही, स्टेटला नवीन रिकामा सेट द्या. लेझी कॉलममध्ये की म्हणून आयडी द्यायला विसरू नका.

आयफोन, टेबलव्ह्यू. लिस्टची स्क्रीन यूआय टेबल व्ह्यू कंट्रोलरपासून बनवली असेल तर त्यात क्लिअर्स सिलेक्शन ऑन व्ह्यू विल अपिअर ही सेटिंग आधीच चालू असते, परत आल्यावर निळा स्वतःच जातो. साध्या व्ह्यू कंट्रोलरमध्ये टेबल ठेवलं असेल तर ते तुमच्यावर, व्ह्यू विल अपिअरमध्ये निवडलेल्या रोचा इंडेक्स पाथ विचारा आणि तो असला तर डीसिलेक्ट रो ॲनिमेशनसह कॉल करा. बरेच जण डिड सिलेक्टमध्येच लगेच डीसिलेक्ट करतात, तेही चूक नाही, पण मला परत आल्यावर हळूच जाणारा रंग जास्त आवडतो, कारण त्यामुळे आपण कुठल्या रोवरून आत गेलो होतो ते डोळ्यांना कळतं, लांब लिस्टमध्ये याचा खूप उपयोग होतो. कडेवरून स्वाइप करून मागे यायच्या जेश्चरसोबत हे नीट बसवायचं असेल तर ट्रान्झिशन कोऑर्डिनेटरच्या आत डीसिलेक्ट करा आणि स्वाइप अर्ध्यात सोडला असेल तर रो परत सिलेक्ट करा, व्ह्यू विल अपिअर अर्धवट स्वाइपलाही कॉल होतं हे लक्षात असू द्या.

आणि एक महत्त्वाचं, कोडमधून डीसिलेक्ट रो कॉल केलं की डेलिगेटचं (टेबल आपल्या घडामोडी ज्याला कळवतं त्या ऑब्जेक्टचं) डिड डीसिलेक्ट कॉल होत नाही. ते फक्त युजरच्या बोटाने झालं तरच होतं. तुम्ही सेटमधून आयडी काढायचा कोड फक्त डिड डीसिलेक्टमध्ये लिहिला असेल तर रिसेट केल्यावर स्क्रीन पांढरी आणि सेट भरलेलाच. पायरी ५ मधलं फंक्शन म्हणूनच सेट स्वतः रिकामा करतं, कोणाच्या भरवशावर राहत नाही.

रिॲक्ट नेटिव्ह. सेटवर क्लिअर कॉल करून तोच सेट परत स्टेटमध्ये टाकला तर रिॲक्टला काही बदललंय असं वाटत नाही, वस्तू तीच आहे ना. नवीन सेट बनवून द्या. फ्लॅटलिस्टला एक्स्ट्रा डेटामध्ये तो सेट द्यायचा, नाहीतर डेटा प्रॉप तोच असल्यामुळे लिस्ट जागची हलत नाही. स्क्रीन सोडून जाताना साफ करायचं असेल तर रिॲक्ट नेव्हिगेशनमधलं यूज फोकस इफेक्ट वापरा, कारण स्टॅकमध्ये पुढची स्क्रीन उघडली तरी मागची अनमाउंट होत नाही, यूज इफेक्टच्या क्लीनअपची वाट बघत बसाल.

फ्लटर. इथे जुनाच सेट रिकामा केला तरी चालतं, पण ते सेट स्टेटच्या आत करायचं, बाहेर केलंत तर पुढच्या कुठल्या तरी कारणाने स्क्रीन परत बनेपर्यंत जुनंच दिसत राहील. लिस्ट टाइलला सिलेक्टेड नावाचं प्रॉपर्टी आहेच, त्याला सेटमध्ये आयडी आहे का ते द्या.

पायरी ७: कधी रिसेट करायचं आणि कधी नाही

कोडपेक्षा इथे जास्त विचार लागतो. काम पूर्ण झालं, म्हणजे डिलीट-शेअर-मूव्ह यशस्वी झालं, की साफ करा. यशस्वी झालं की, दाबलं की नाही. नेट गेलं आणि काम फेल झालं तर निवड तशीच ठेवा, माणसाने तीस फोटो एकेक करून निवडले असतील, ते त्याला परत निवडायला लावणं बरोबर नाही. तोपर्यंत बटण बंद करून ठेवा म्हणजे दोनदा दाबलं जाणार नाही.

बॅक दाबलं आणि मोड चालू असेल तर पहिल्या बॅकने फक्त निवड साफ व्हावी, स्क्रीन बंद होऊ नये. कंपोझमध्ये बॅक हँडलर, व्ह्यूजमध्ये ऑन बॅक प्रेस्ड कॉलबॅक, फ्लटरमध्ये पॉप स्कोप, आणि हे फक्त मोड चालू असतानाच चालू ठेवा, नाहीतर बॅक कायमचं अडकेल.

सर्च किंवा फिल्टर बदलल्यावर काय करायचं यावर मतं वेगळी आहेत. माझं मत, निवडलेली गोष्ट फिल्टरमुळे दिसेनाशी झाली असेल तर तिच्यावर डिलीटसारखी कृती होता कामा नये. युजरला जे दिसत नाही ते उडवायचा हक्क आपल्याला नाही. म्हणून एकतर फिल्टर बदलला की निवड साफ करा, किंवा मग वर स्पष्ट लिहा की "५ निवडले, त्यातले २ आत्ता दिसत नाहीत". रिफ्रेश झाल्यावर मात्र पूर्ण साफ करू नका, सेटमधले जे आयडी नवीन डेटामध्ये उरलेच नाहीत तेवढेच काढा, बाकी राहू द्या. अकाउंट बदललं किंवा लॉगआउट झालं तर सगळं साफ, तिथे विचार करायचा प्रश्नच नाही.

आणि फोन आडवा केला तर? अजिबात साफ करू नका. अँड्रॉइडमध्ये फोन फिरवला की ॲक्टिव्हिटी (ॲपची ती स्क्रीन) नव्याने बनते आणि ॲक्टिव्हिटीच्या आत ठेवलेला सेट उडतो, युजरला वाटतं ॲपने आपली निवड खाल्ली. व्ह्यूमॉडेलमध्ये ठेवला तर फिरवल्यावर वाचतो, पण सिस्टीमने मेमरीसाठी ॲप मारलं तर तोही जातो, त्यासाठी सेव्ह्ड स्टेट हँडल. ट्रॅकर वापरत असाल तर त्याची स्वतःची ऑन सेव्ह इन्स्टन्स स्टेट आणि ऑन रिस्टोअर इन्स्टन्स स्टेट ही फंक्शनं आहेत, ती तुम्हीच कॉल करायची असतात.

पायरी ८: ज्याला रंग दिसत नाही त्यालाही कळू द्या

टॉकबॅक (अँड्रॉइड) किंवा व्हॉइसओव्हर (आयफोन) हे स्क्रीन वाचून दाखवणारे स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला निळा-पांढरा काही कामाचा नाही. नुसता बॅकग्राउंड बदलला तर स्क्रीन रीडर गप्प राहतो. आयफोनवर रोच्या ॲक्सेसिबिलिटी ट्रेट्समध्ये सिलेक्टेड टाकायचं आणि रिसेट करताना काढायचं, कंपोझमध्ये साध्या क्लिकेबलच्या ऐवजी सिलेक्टेबल किंवा टॉगलेबल वापरलं की ते आपोआप होतं. रिसेटमध्ये हे राहून गेलं तर डोळ्यांना रो पांढरी दिसते आणि कानांना "निवडलेली" ऐकू येते, आणि डोळस टेस्टरला हा बग कधी सापडत नाही. स्क्रीन रीडर चालू करून, डोळे मिटून आपलीच लिस्ट एकदा वापरा.

पायरी ९: तपासा

माझ्या हाताला बसलेला क्रम असा. वरच्या तीन गोष्टी निवडा, अगदी तळापर्यंत स्क्रोल करा, कुठे चौथी निळी दिसतेय का बघा. तिथूनच रिसेट करा आणि वर या, तिन्ही पांढऱ्या हव्यात. हे सगळ्यात जास्त वेळा फसतं, कारण स्क्रीनबाहेरच्या पण अजून मेमरीत ठेवलेल्या रोला कोणी कळवलेलं नसतं. मग दोन निवडा, वरून एक नवीन गोष्ट टाका, निवड त्याच दोनवर आहे का बघा. मग एअरप्लेन मोड चालू करून डिलीट दाबा, निवड टिकली पाहिजे. मग रिसेट करून लगेच त्याच रोवर परत टॅप करा, पहिल्याच टॅपला निवडली गेली पाहिजे, दोन टॅप लागले तर समजायचं की स्क्रीन आणि सेट यांच्यात अजून फरक आहे, सेटमध्ये ती आधीपासून होती आणि पहिल्या टॅपने ती काढली गेली.

शेवटी, अँड्रॉइड असेल तर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये "डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज" चालू करा, चार गोष्टी निवडा, होमवर जा, ॲपमध्ये परत या. चारही निवडलेल्या आणि वर "४ निवडले" दिसायला हवं. तपासून झाल्यावर ते ऑप्शन आठवणीने बंद करा, नाहीतर फोनमधली बाकीची ॲप्सही विचित्र वागायला लागतात आणि कारण लवकर लक्षात येत नाही.